कंपनीचं तेल

आमच्या घरात एका घड्याळाच्या कंपनीचा इतिहास पोथीसारखा सांगितला जायचा. सणावाराला, पाहुणा आला की, पोर झोपत नसली की. आता नातवंडांना हे सांगितलं तर ती खो खो हसतात. हसा बाबांनो, हसा. पण त्या इतिहासाच्या नादात माझी थोरली लेक गेली, म्हणून तो मला अक्षरन्‌अक्षर पाठ आहे, आणि डोळे मिटायच्या आधी एकदा तो माझ्या तोंडानं सांगून टाकायचा आहे. कंपनीचं नाव मात्र मी घेणार नाही. एक तर ते माझ्या जिभेला कधी वळलंच नाही, आणि त्या नावाचा जप आमच्याकडे इतका झालाय की आता पुरे.

नवऱ्याचंही नाव घेणार नाही. आमच्या वेळी बायका घेत नसत. 'हे' म्हटलं की ते समजायचे.

माझं माहेर श्रीवर्धनचं, सासर बोर्लीचं, दोन्हीकडे सोनारकाम. सासऱ्यांचं बोर्लीच्या बाजारात बारीकसं दुकान होतं. ह्यांचा हात लहानपणापासून इतका स्थिर की सासरे म्हणायचे, भुई हलली तरी ह्या पोराचं बोट नाही हलत. तो हात बोर्लीत नथी वळण्यात फुकट जाईल म्हणून त्यांना मुंबईला धाडलं. तिथे कोटात, म्हणजे फोर्टात, एका विलायती घड्याळांच्या पेढीवर ते लागले. 'विलायती' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "अगं, विलायत वेगळी. हे स्वित्झर्लंड." मला काय, समुद्रापलीकडचं ते सगळं विलायतीच.

खिशात ठेवायची, साखळीची, सोन्याच्या झाकणाची घड्याळं ती. राजेरजवाडे, नबाब, कापसाचे शेठ असली गिऱ्हाइकं. झाकणाला पोचा पडला, बिजागरी सैल झाली, कडी तुटली की ते सोन्याचं काम ह्यांच्याकडे. घड्याळाच्या पोटातलं काम दुसरे कारागीर करायचे. हे शेजारी बसून बघायचे आणि बघून बघून तेही शिकले. पण हे नीट ध्यानात ठेवा, मुळात ते झाकणाचे माणूस. पोटातलं जे काही त्यांना यायचं ते बघून आलेलं होतं.

लग्न झाल्यावर नवरा नव्या बायकोला काय काय सांगतो म्हणतात. ह्यांनी मला कंपनी सांगितली. पेढीवरचा गोरा साहेब दरवर्षी कंपनीच्या वाढदिवसाला सगळ्या कामगारांना उभं करून, केक वाटून कंपनीची गोष्ट सांगायचा, आणि कारकून ती मराठीत करायचा. तीच गोष्ट हे शिमग्याला नि गणपतीला बोर्लीला आले की मला सांगायचे.

ती अशी. उंच डोंगरात एक खोरं. वर्षातले सहा महिने बर्फ. शेत बर्फाखाली, गुरं गोठ्यात, माणसं घरात कोंडलेली. तिथे एका लोहाराचे दोन मुलगे. त्यांनी हिवाळ्यात हाताला काम हवं म्हणून खिडकीशी बसून घड्याळ बनवायला घेतलं. थोरला बनवायचा. धाकट्यानं पाठीला पेटी बांधली, पायी डोंगर उतरला, आणि एका शहरातल्या सरदाराला पहिलं घड्याळ विकून आला. मग शेजारपाजारच्या घरांतून माणसं बसायला लागली. वरच्या मजल्यावर लांबच लांब खिडक्या, म्हणजे बर्फावरचा उजेड आत येईल. बायका मोहरीहून बारीक माणकं घासायच्या, त्यावर चाकांची टोकं फिरतात. बापाच्या जागी मुलगा, आईच्या जागी मुलगी. असं करता करता त्या खोऱ्यातली घड्याळं बादशहांच्या खिशात जाऊन बसली.

"आणि त्या बायका रांधायच्या कधी?" मी विचारायची.

ह्यांना ते माहीत नसायचं. साहेबानं सांगितलेलं नव्हतं ना!

गोष्टीत एक तेलाचा भाग होता. घड्याळाच्या पोटात टाचणीच्या टोकावर मावेल एवढंच तेल घालायचं असतं. कंपनी ते एका मोठ्या माशाच्या जबड्यातून काढलेलं वापरायची. बाटली अंगठ्याएवढी, पण वर्ष वर्ष पुरायची. मी म्हणाले, "एवढंच ना? आमच्या कोळीवाड्यात मुशी माशाचं तेल होड्यांना फासतात. एक डबा धाडू का तुमच्या साहेबाला? वासानंच पेढी रिकामी होईल." हे हसले नाहीत. कंपनीच्या बाबतीत ह्यांना थट्टा चालायची नाही.

मग आमची थोरली झाली आणि मी सुटले. ती बोलायला लागल्यापासून बापाची कंपनी ऐकायची. आणि कशी ऐकायची म्हणता! मांडीवर बसून, बर्फ आला की अंग चोरून, धाकटा भाऊ डोंगर उतरायला लागला की दम रोखून. एक शब्द गाळला तर बापाला धरायची. तेलाचा भाग आला की तिचा एक ठरलेला प्रश्न असायचा.

"का बरं माशाचं तेल?"

आणि ह्यांचं ठरलेलं उत्तर, "थंडीत झाडाचं तेल गोठतं, बाळ."

प्रश्न तोच, उत्तर तेच. हजार वेळा झालं असेल. मी चुलीपाशी बसून ऐकायची आणि मनात म्हणायची, करा बापलेकी चाळे, भात मलाच वाढायचा आहे.

पहिल्या मोठ्या लढाईनंतरच कंपनीला घरघर लागली होती म्हणे, पण पेढीवर कुणी तसं बोलायचं नाही. रशियाच्या राजाचं राज्य गेलं तेव्हा मोठं गिऱ्हाईक तुटलं. मग मनगटावर बांधायची घड्याळं निघाली. कंपनीचा म्हातारा मालक तिकडे म्हणाला, बांगड्या बायकांनी घालाव्यात, माझी कंपनी घड्याळं बनवते. हे ऐकून इकडे हेसुद्धा छाती काढून फिरायचे, जसं काही ह्यांनीच सुनावलं. पुढे जगभर मंदी आली. सोन्याची झाकणं कुणी घेईना. न खपलेल्या घड्याळांची झाकणं उतरवून ती वितळवायचा हुकूम आला. आणि मुंबईत ते काम कुणी केलं? ह्यांनीच. ज्या हातांनी पोचे काढले, त्याच हातांनी ती झाकणं मुशीत घातली. त्या वर्षी गणपतीला आले तेव्हा कंपनीची गोष्ट सांगितली नाही. पोरीनं हट्ट केला तर म्हणाले, "घसा बसलाय."

कंपनी म्हाताऱ्याच्या नातवानं विकून टाकली. मुंबईची पेढी बंद झाली. साहेब बोटीत बसून गेला. जाताना ह्यांना चांदीच्या झाकणाचं एक घड्याळ हातात दिलं आणि तेलाची एक बाटली. हे बोर्लीला परत आले ते एक पेटी, ते घड्याळ आणि ती बाटली घेऊन, अंगात काळा कोट. मे महिन्यात! घामानं निथळत होते, पण कोट उतरवला नाही.

सासरे तोवर गेले होते. दुकान हे चालवायला लागले. अर्धं सोनारकाम, अर्धं घड्याळांचं. बोर्लीत घड्याळं असून असून किती असणार? शाळेतलं एक, मशिदीतलं एक, मुंबईहून आलेल्या कुणाकुणाची गजराची. पण ह्यांच्या खिशातलं घड्याळ म्हणजे गावाची वेळ झाली. शाळेची घंटा त्यावर, टपालाची पिशवी त्यावर. दर शुक्रवारी मशिदीत बांग देणारे बांगीसाहेब येऊन वेळ विचारून जायचे आणि तिथलं घड्याळ त्याला लावायचे. हे झाकण उघडायचे तेसुद्धा असं की गिऱ्हाइकाला वाटावं आत देव आहे. "कंपनीचं आहे," म्हणायचे. "एक वेळ सूर्य चुकेल."

मला चीड यायची. ज्या कंपनीनं हाकललं तिचे पोवाडे काय गायचे? मी तसं तोंडावर बोललेही. "तुमची कंपनी मेली. तेरावं झालं तिचं."

"मंदी सरली की उघडेल," ते म्हणाले. "असलं कुणी बंद ठेवतं का?"

थोरलीला मात्र बाप घरी आल्याचा आनंदच आनंद. घड्याळाला रोज सकाळी किल्ली द्यायचं काम तिचं. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. किल्ली दिली की ती उंबऱ्यावर बसून ते कानाशी धरायची आणि डोळे मिटून ऐकायची. रात्री घड्याळ ह्यांच्या उशीखाली. माझ्यापेक्षा ते जवळ निजायचं, काय बोलायचं आता.

त्या वर्षी दिवाळीनंतर तेलाची बाटली तळाला गेली. रमजान तोंडावर आला होता आणि मशिदीतलं घड्याळ मध्येच अडायला लागलं. बांगीसाहेब आले. रोजा सोडायची वेळ चुकली तर सगळ्या मोहल्ल्याचा बोल त्यांच्यावर. ह्यांनी ते घड्याळ खोललं, पुसलं, आणि बाटलीत उरलेलं कंपनीचं तेल होतं नव्हतं ते त्यात घातलं. "देवाचं काम आहे," म्हणाले. खरंच चांगल्या मनानं केलं. ते घड्याळ मग असं चालायला लागलं की बांगीसाहेब पुढच्या शुक्रवारी खजूर घेऊन आले.

आता ह्यांच्या स्वतःच्या घड्याळाला तेल घालायची वेळ आली. बाटली कोरडी. मुंबईला कुणाला सांगून पाहिलं, ते तेल कुठे मिळेना. मग ह्यांनी डोकं चालवलं. सोनाराच्या जातीला गाळणं, शुद्ध करणं हे पिढ्यान्‌पिढ्यांचं. माझ्याकडून ताजं खोबरेल मागून घेतलं, उन्हात तापवलं, कापसातून गाळलं, पुन्हा तापवलं, पुन्हा गाळलं. पाण्यासारखं नितळ झालं. मला बोलावून दाखवलं. "बघ. कंपनीच्या तेलात आणि ह्यात काही फरक दिसतो का?"

"वास दिसतो," मी म्हणाले.

ते चिडले. पण घड्याळ खोलून सुईच्या टोकानं ते तेल त्यांनी ठायी ठायी घातलं, आणि घड्याळ झकास चाललं. दिवसा खिशात, अंगाच्या उबेला. रात्री उशीखाली, उबेला. तुम्हाला आत्ताच कळलं असेल पुढे काय होणार ते. आम्हाला नाही कळलं. गोष्टीतली थंडी म्हणजे बर्फाची थंडी, तिकडची. बोर्लीच्या पौषाला कोण थंडी म्हणणार? त्या दिवसांत न्हाणीच्या कोनाड्यातली खोबरेलाची बाटली मी रोज सकाळी चुलीपाशी ठेवून पातळ करून घ्यायची आणि मग दोन्ही पोरींची डोकी माखायची. हे समोरून जायचे, यायचे. त्या बाटलीकडे बघायचं कुणाच्या मनात येतं?

ईद होऊन गेली होती. पौषातले दिवस. थोरलीचा घसा धरला. आधी मी हळद-गूळ दिलं, लेप लावला. दोन दिवसांत आवाज घोगरा झाला, गिळताना रडायला लागली, आणि श्वास घेताना घशात शिट्टीसारखं वाजायला लागलं. म्हसळ्याच्या डॉक्टरांना गाडी धाडून आणलं. त्यांनी चमच्याच्या दांडीनं तिची जीभ दाबून बघितलं आणि ह्यांना अंगणात नेलं. मी मागोमाग गेले. घटसर्प आहे म्हणाले. घशात पडदा धरलाय. ह्याचं इंजेक्शन मुंबईच्या इस्पितळात आहे, आमच्याकडे नाही. उद्याची आगबोट गाठा, संध्याकाळपर्यंत इस्पितळात पोचाल, पोर वाचेल. पुढच्या बोटीवर घालवू नका.

आगबोट दिघीच्या बंदराला लागायची, एक दिवसाआड. खाडीत मधोमध उभी राहायची, पडावानं तिच्यापर्यंत जायचं. चुकली की चुकली. खुष्कीच्या वाटेनं मुंबई दोन दिवसांवर. तरी मला धीर आला. वाट तरी आहे. बोट गाठायची, एवढंच तर करायचं आहे.

शेजारच्या कुणब्याला गाडी जुंपायला सांगून ठेवलं. ते आमच्या घरचंच माणूस, पोरीला खांद्यावर घेऊन जत्रेला नेणारं. रात्रभर आम्ही दोघं तिच्यापाशी बसलो. हे आडवे झालेच नाहीत. कोट काढून तिच्या अंगावर घातला आणि घड्याळ कोटातून काढून खुंटीला अडकवलं, तिला टोचू नये म्हणून. रोज उशीखाली निजणारं घड्याळ त्या रात्री भिंतीवर, खिडकीशेजारी. खिडकीच्या फटीतून वारा नुसता सुरीसारखा येत होता. मी तिथे चिंधी कोंबली, पण ती पोरीसाठी.

पहाटे बांग झाली. मी उठून गाठोडं बांधलं. थोड्या वेळानं ते कुणबी गाडीवान दारात आले. "शेट, निघायचं न्हाय का? बांग कवाच झाली. सुक्र बी वर आलाय."

हे उठले, खुंटीवरून घड्याळ काढलं, मुठीत धरलं, कंदिलाशी नेऊन बघितलं. "अजून फार वेळ आहे," म्हणाले. "बांग आज लवकर झाली. मशिदीतलं घड्याळ पुढे गेलेलं दिसतंय, शुक्रवारी बघायला हवं."

"आवं, सुक्र काय घड्याळ बघून उगवतो व्हय?"

"बाहेर काय हीव पडलंय बघताय ना? आत्ता हिला गाडीत घातलं तर छातीत गारठा भरेल. जरा उजाडू दे. वेळ आहे, मी सांगतो ना!"

आणि खरं सांगते, मला ते पटलं. पोरीला तेवढ्यात डोळा लागला होता. कोणत्या आईला तिला उठवून थंडीत न्यावंसं वाटेल? ह्यांच्या मनातही तिची मायाच होती. ह्यावर मी आयुष्यभर विचार केला, मायाच होती. गाडीवान अंगणात विडी ओढत बसले. दोनदा खाकरले.

फटफटलं तेव्हा निघालो. पोरीला गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलं. धाकट्या लेकीला जावेपाशी ठेवलं. गाडी वेशीबाहेर पडल्यावर तिनं डोळे उघडले आणि बापाकडे हात केला. तोंडातून आवाज निघत नव्हता, पण आम्हाला कळलं. किल्ली द्यायची वेळ झाली होती ना तिची. ह्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून घड्याळ काढलं, स्वतःच किल्ली दिली आणि तिच्या कानाशी धरलं. तिनं डोळे मिटून ऐकलं. ऊब मिळाली होती, घड्याळ टिकटिक करत होतं. हे मला म्हणाले, "बघ, ओळखते."

दिघीच्या अलीकडे चढ आहे. चढ संपत आला आणि पलीकडून भोंगा ऐकू आला. मोठा, लांब. गाडीवानांनी एकदम बैल हाणले. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी झाकण उघडलं, बघितलं, मिटलं.

"ती नव्हे," म्हणाले. "तिला अजून अवकाश आहे. दुसरी कुठली तरी असेल."

दुसरी कुठली असणार हो? त्या खाडीत दुसरी कोणती बोट येते? पण दुसरी असावी असंच मलाही वाटत होतं. माथ्यावर आलो. खाली सगळी खाडी दिसली. आगबोट तोंडाशी पोचली होती आणि तिच्या धुराचा पट्टा मागे पाण्यावर पडला होता. माणसं पोचवून परतणारा पडाव धक्क्याकडे येत होता.

धक्क्यावर गाडी थांबली. आणि ह्यांनी काय करावं? माणसानं धावत जावं, कुणाचे पाय धरावेत. हे गेले बोटीच्या कारकुनाकडे भांडायला. "बोट वेळेआधी सोडली तुम्ही." तो म्हणाला, उलट थोडी उशिराच सुटली. ह्यांनी घड्याळ त्याच्या नाकासमोर धरलं. त्यानं कचेरीतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. हे ओरडले, "तुमचं पुढे आहे! हे कोणत्या कंपनीचं आहे माहीत आहे का?" मांडीवर माझी पोर श्वासाला तडफडतेय आणि बाप घड्याळाचं खानदान सांगतोय! मी गाडीतून ओरडले, चार माणसांत, पदर खांद्यावरून गेलेला. "जळो तुमचं घड्याळ नि जळो तुमची कंपनी! होडी बघा!"

तेव्हा ते भानावर आले. धक्क्याशी एक कोळी जाळी झाडत होते, म्हातारे तांडेल. त्यांनी गाडीत डोकावून पोरीला बघितलं, मग आभाळाकडे. "वारा तोंडावरचा हाय," म्हणाले. "मुंबैपत काय जमनार न्हाय. मुरूडपत बगू, तितं कोन डाक्तर हाय का. पोर तुमची तशी माजी. बसा." त्यांनी मुलाला हाक मारली, शीड चढवलं. वारा समोरून. डावीकडे मारायचं, उजवीकडे मारायचं, मुरूडच्या वाटेवरचा समुद्रातला किल्ला काही जवळ येईना. मी पोरीचं डोकं वर धरून बसले होते, तसं धरलं की तिला बरं वाटायचं. शिट्टी बारीक होत गेली. हे तिच्यासमोर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते आणि हळू आवाजात कंपनी सांगत होते. बर्फ, दोन भाऊ, खिडक्या. तेलाचा भाग आला तेव्हा ते थांबले. तिनं विचारावं म्हणून थांबले. किल्ला उजव्या हाताला होता. तिनं विचारलं नाही.

तांडेलांनी डोक्यावरची टोपी काढली आणि होडी वळवली. परतीला वारा मागून होता, झरझर आलो.

त्यानंतर हे पुष्कळ दिवस एकच बोलत राहिले. बोटवाल्यांनी बोट आधी सोडली. अलिबागला जाऊन फिर्याद करीन. येईल त्याला घड्याळ उघडून दाखवायचे. समाचाराला आलेली माणसं मान खाली घालायची. गाडीवान एकदा अंगणात येऊन नुसतेच उभे राहिले आणि परत गेले. मी ह्यांना जेवायला वाढायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. माझ्या डोळ्यांतलं पाणी आटून तिथे नुसता राग उरला होता, आणि राग कुणावर धरावा ते कळत नव्हतं.

दिवस घातले त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. थंडी तशीच. आदल्या रात्री ह्यांनी कोट अंगावरून काढून फेकला होता आणि घड्याळ खुंटीला लावलं होतं, का कोण जाणे. मी चूल पेटवत होते. हे उठून खुंटीपाशी गेले आणि तिथेच थबकले. घड्याळ बंद होतं. काटे रात्रीच्या कुठल्याशा वेळेवर. ह्यांनी ते काढून मुठीत धरलं, मी मागून बघत होते. थोड्या वेळानं टिकटिक ऐकू आली. ह्यांनी ते पुन्हा खुंटीला लावलं आणि समोर उभे राहिले. बराच वेळ. ते थांबलं. पुन्हा मुठीत धरलं. चालायला लागलं.

मग पाट ओढून खिडकीशी बसले, भिंग डोळ्याला लावलं आणि घड्याळ खोललं. सुईच्या टोकानं आतून काहीतरी खरवडून काढलं, नखावर घेतलं. पांढरा कण होता, मेणासारखा. चिमटीत धरला, तसा तो वितळला.

ते उठले, न्हाणीत गेले आणि कोनाड्यातली खोबरेलाची बाटली घेऊन आले. मी अजून ती चुलीपाशी ठेवली नव्हती. त्यांनी बूच काढलं, माझ्यासमोर बाटली उपडी केली. थेंबही पडला नाही. आत पांढरं, घट्ट. बाटली तशीच उपडी धरून ते उंबऱ्याकडे बघत राहिले, ती जिथे बसायची तिकडे, आणि मांडीवर पोर असताना बोलायचे त्याच आवाजात म्हणाले,

"थंडीत झाडाचं तेल गोठतं, बाळ."

मी त्यांच्या हातातून बाटली घेतली आणि चुलीपाशी ठेवली. धाकटीचं डोकं माखायचं राहिलं होतं.